फोटोच्या खोलीची गर्दी

टोकावडे,
१२ नोव्हेंबर १९९६

चि. शेखर,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन टाकते, कारण पुढे तसा प्रसंग येईल असं वाटत नाही.

हे पत्र तुझी मावसबहीण लिहीत नाही, इथली नर्स लिहिते आहे. तुमच्या ट्रस्टच्या रुग्णालयातल्या एक्स-रेच्या खोलीचा तू मालक नसशील, पण आत दुसरं कोणी नसतं. तेव्हा ऐकावं तुलाच लागेल.

आमच्या वरच्या वाडीत ठमी म्हणून एक बाई आहे. वय पंचविशीच्या आतलं, पदरात दोन लहान पोरं. तिला खोकला आहे, संध्याकाळी ताप चढतो आणि चोळीच्या बाह्या आता ढगळ पडायला लागल्या आहेत. थुंकी तपासली, त्यात काही आलं नाही. मुरबाडचे डॉक्टर म्हणतात, छातीचा फोटो पाहिल्याशिवाय क्षयाचं औषध चालू करणार नाही. त्यांचंही चूक नाही.

ती तुझ्याकडे दोन खेपा घालून आली. वाडीतून उतरून टोकावडे, तिथून सरळगाव, सरळगावला गाडी बदलून किन्हवलीवरून शहापूर. पहिल्या खेपेला तिचा नंबर लागेपर्यंत परतीची शेवटची गाडी निघून गेली. दुसऱ्या खेपेला फोटो निघाला, पण रिपोर्ट उद्या म्हणाले. नवराबायको स्टँडवर बसून राहिली. उद्या उजाडल्यावर कळलं की फोटो हललाय, पुन्हा काढायचा, बसा. ती बसली नाही, घरी आली. आता म्हणते, "मी नाय जायाची. मरंन तं घरात मरंन."

ती गंमत करत नाही, शेखर. औषध मिळालं नाही तर ती खरंच घरात मरेल, आणि मी तिला रोज बघते. मला मोठी सुधारणा नको. सकाळच्या गाडीला बसलेला माणूस फोटो आणि रिपोर्ट हातात घेऊन त्याच दिवशी घरी पोचला पाहिजे. हे का होत नाही ते लिही. 'गर्दी फार असते' असं लिहू नकोस, ते मलाही दिसतं.

वत्साताई


शहापूर,
२१ नोव्हेंबर १९९६

ती. वत्साताई,

नमस्कार. तू शेवटच्या ओळीत मनाई केली नसतीस तर मी 'गर्दी फार असते' हेच लिहून मोकळा होणार होतो. तेवढं एकच उत्तर माझ्याकडे तयार होतं.

गेल्या वर्षी ट्रस्टने मला मुंबईला एका शिबिराला धाडलं होतं. विषय होता विभागाची कार्यक्षमता. जेवण चांगलं होतं. तिथले एक साहेब म्हणाले होते, काही बदलण्याआधी दारात उभे राहा आणि नुसतं बघा. मला तेव्हा हा सल्ला बिनकामाच्या माणसाचा वाटला होता. तुझ्या पत्राचा राग आला म्हणून मंगळवारी तो अमलात आणला. माझ्या जागी कल्याणचा बदली माणूस होता, मी दारात.

बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली, जिन्यापर्यंत उभी. आणि आत यंत्र रिकामं. ताई, यंत्र बहुतेक वेळ रिकामंच असतं. हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं, कारण मी स्वतः कधी रिकामा नसतो. फोटो निघायला डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढा वेळ पुरतो. पण बाई आत येते, मग दार लागतं, मग ती गळ्यातलं काढायला लागते. तुमच्याकडच्या बायकांच्या गळ्यात मण्यांच्या इतक्या माळा असतात की त्यांच्या सावलीत छाती शोधावी लागते. त्यातली काळी पोत तर कोणी काढतच नाही. समजूत घाला, गणूला बोलवा, सासूला आत घ्या. पुढे फोटो निघाला की मीच प्लेट घेऊन डार्करूममध्ये शिरतो, धुतो, टांगतो, आणि तोवर खोलीत कोणी नाही. टांगलेल्या फिल्म वाळल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे डॉक्टर त्या एकदम बघतात. हा रिवाज कोणी पाडला ते कोणालाच माहीत नाही, डॉक्टर म्हणतात तुम्ही पाडला.

दोष कोणाचा हे तू विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगत नाही. ठमीला मात्र आत्ता पाठवू नकोस. तिसऱ्यांदा असंच झालं तर ती चौथ्यांदा येणार नाही.

तुझा
शेखर

(गणू म्हणजे आमचा खिडकीवरचा शिपाई. नंबर तो देतो आणि शिव्या तो खातो.)


टोकावडे,
४ डिसेंबर १९९६

चि. शेखर,

तुला राग आल्यावर डोकं चालतं हे मावशीला कळवलं आहे.

काळ्या पोतीचं सांगते. नवरा जिवंत असताना गळा उघडा ठेवायचा नाही, एवढंच त्या बायकांचं म्हणणं आहे. तू 'काढा, काढा' म्हणून ओरडलास तर त्या काढणार नाहीत, मीही काढली नसती. पण गळ्यात पोतच हवी असं नाही, काहीतरी हवं. सुताचा दोरा हळदीत बुडवून ठेव. दोरा तुझ्या फोटोत दिसत नाही ना? मग आधी तो बांधू दे, नंतर पोत त्यांच्याच हातात दे. आणि हे सगळं बाहेर पडद्याआड होऊ दे, आत यंत्रासमोर नको. एक आत असताना दुसरी तयार पाहिजे. लग्नात एक पंगत जेवत असते तेव्हा पुढच्या पंगतीने हात धुतलेले असतात, तसं.

आणि तुमच्या डॉक्टरांना ओल्या फिल्मचं वावडं आहे का? मुरबाडला मी डॉक्टरांना निथळती फिल्म खिडकीत धरून बघताना पाहिलं आहे. त्यांना काही झालं नाही.

ठमीला मी थांबवलं आहे. थांबणं तिला जमतं, खोकल्याला जमत नाही. हे लक्षात ठेव म्हणजे झालं.

वत्साताई


शहापूर,
१३ जानेवारी १९९७

ती. वत्साताई,

उशीर झाला, कारण तुझी पत्रं मी नुसती वाचत नाही, राबवतो.

पडदा लागला. हळदीचा दोरा लागला. पहिल्या दिवशी एका म्हातारीने तो गळ्यात बांधून घेतला आणि गणूला विचारलं, लगीन कोणासंगं? गणू दोन दिवस तोंड लपवून हिंडत होता. आता डार्करूम त्याच्याकडे आहे. फिल्म धुण्यात त्याचा हात माझ्याहून हलका निघाला, त्यामुळे मी यंत्र सोडून हलत नाही. डॉक्टर दुपारी जेवणाआधी ओल्या फिल्म बघतात. त्यांच्या टेबलावर पाणी सांडलं म्हणून आधी कुरकुरले, मग मी खाली एनॅमलचा ट्रे ठेवला, आणि आता ही पद्धत आपणच सुरू केली असं ते सांगतात. मी मान डोलावतो.

सरळगावच्या गाडीने आलेल्यांना पहिला नंबर. याचा परिणाम असा झाला की शहापूर तालुका ओस पडून सगळे तुमच्याकडचे झाले. परवा एक गृहस्थ आपण टोकावड्याचे असं शपथेवर सांगत होते, खिशातून आसनगावचा रेल्वेचा पास डोकावत होता. गणूने त्यांना टोकावड्यात गाडी कुठे थांबते ते विचारलं. म्हणाले, फलाटावर.

एवढं सगळं जमलं आणि एका जागी अडलं आहे. फोटो हलतात. छातीच्या फोटोला श्वास घेऊन तो क्षणभर कोंडून धरावा लागतो. मी वर्षानुवर्षं 'श्वास रोखा' म्हणत आलो. शहापूर-आसनगावच्या लोकांना ते कळतं. डोंगराकडची माणसं माझ्याकडे नुसती बघतात. म्हणून मी सोपं केलं, 'दम धर' म्हणायला लागलो. तेव्हापासून जास्तच हलतात! माणूस शहाण्यासारखा उभा राहतो, जराही हलत नाही आणि भात्यासारखी छाती वरखाली चालू. काल एका आजीला विचारलं, आजी, दम का धरत नाहीस? म्हणाली, "दमानंच मला धरलाय रं, मी त्याला काय धरू?"

एकेकाचे दोन-दोन, तीन-तीन फोटो होतात आणि वाचवलेला सगळा वेळ तिथे बुडतो. ठमीचाही तसाच बिघडला असणार. यावर तुझ्याकडे हळदीचा दोरा आहे का?

शेखर


टोकावडे,
२३ जानेवारी १९९७

चि. शेखर,

दम धर म्हणजे थांब, वाट बघ, घाई करू नकोस. दुसरा अर्थ इथे कोणाच्या डोक्यातही येत नाही. तुझ्याकडे आलेला माणूस पहाटेपासून दम धरून आहे आणि आत गेल्यावर तू पुन्हा तेच सांगतोस. तो धरतो बिचारा. तुझी आज्ञा पाळतच तो श्वास घेत असतो.

मी हे ठमीलाच विचारायला वर गेले होते. ती अंगणात वाकळ पांघरून उन्हाला बसली होती. म्हटलं, ठमे, वारा आत घेऊन तोंड मिटायचं, हलायचं नाही, याला तुमच्यात काय म्हणतात गो? तिला कळेना. मी गाल फुगवून दाखवले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली की खोकल्याची उबळ आली. म्हणाली, "बुडी, ताय. ती बुडी."

ही माणसं काळू नदीच्या डोहात मासे धरत वाढली आहेत. बुडी मारायची तर पाण्यात शिरण्याआधी छाती भरून घ्यायची आणि वर येईपर्यंत सोडायची नाही, हे इथल्या चार वर्षांच्या पोरालाही येतं. शिकवावं लागत नाही. तू नुसतं म्हण, 'बुडी मार.' आणि फोटो झाला की आठवणीने म्हण, 'वर ये.' तो भाग विसरू नकोस.

मी ठमीला विचारलं, शेखर बुडी मार म्हणाला तर जाशील? म्हणाली, "आसा म्हनला आसता तं कवाच झाला आसता." ती येते आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, नवऱ्याबरोबर. नवऱ्याचं नाव लखमा. तो बोलत नाही, पण ऐकतो सगळं.

मला काळजी लागली आहे, शेखर. ती अंगणातून घरात गेली तेव्हा उंबऱ्याला धरून उभी राहिली होती.

वत्साताई


शहापूर,
३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

ती. वत्साताई,

हे पत्र तुला मिळेल तोवर ती केव्हाच घरी पोचलेली असेल, तरी लिहितो.

ठमी सरळगावच्या पहिल्या गाडीने आली आणि त्याच मार्गाच्या दुपारच्या गाडीने गेली. पडद्याआड दोरा बांधला, आत आली, प्लेटला छाती लावून उभी राहिली. मी म्हटलं, बुडी मार. तिने मारली. माझ्या नोकरीतला सर्वांत स्वच्छ फोटो तो असेल. बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. वर ये म्हणताच ती वर आली, आणि खोकली, पण ते नंतर.

बाहेर येऊन बघतो तर लखमा दाराशी गाल फुगवून उभा, डोळे तांबारलेले. मी बुडी मार म्हटलं ते त्याने बाहेर ऐकलं होतं आणि बायकोबरोबर त्यानेही मारली होती. वर ये मी हळू म्हटलं, ते त्याला ऐकू गेलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, ये बाबा, तूही ये वर. मग त्याने श्वास सोडला.

डॉक्टरांनी फिल्म निथळत असतानाच बघितली. उजव्या बाजूला वरच्या भागात डाग आहे, बऱ्यापैकी मोठा. डावीकडे सुरुवात आहे. त्यांनी रिपोर्ट लिहून तिच्या हातात दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, उशीर झालाय, पण अजून औषधाच्या हातातलं आहे. अजून एक उन्हाळा गेला असता तर नव्हतं.

फोटो चांगला आला याचा मला आनंद झाला होता. रिपोर्ट ऐकल्यावर तो कुठे ठेवावा ते कळेना.

शेखर


टोकावडे,
२९ एप्रिल १९९७

चि. शेखर,

औषध चालू होऊन बरेच दिवस झाले. ठमी रोज माझ्यासमोर गोळ्या घेते. पहिल्या महिन्यात ओकायची, मग मला शिव्या द्यायची, आता नुसतं तोंड वाकडं करते. ताप गेला. परवा डोक्यावर मोळी घेऊन उतरताना दिसली, मी ओरडले, तिने मोळी खाली ठेवली आणि मी वळल्यावर परत उचलली.

मुरबाडच्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की भात कापणीपर्यंत औषध चालू द्यायचं, मग पुन्हा छातीचा फोटो. तो स्वच्छ असला तर गोळ्या बंद. नसला तर दुसरी औषधं, ती सुया टोचून घ्यायची. ठमीला सुयांचं नाव काढलं तरी घाम फुटतो. तेव्हा सगळं त्या फोटोवर अडलं आहे, आणि आता ती जायला कुरकुरत नाही. तिने इतरांनाही सांगितलं आहे, तिथं ज्याला पवता येतं त्याचं काम पटकन होतं.

तुझा पगार वाढवला की नाही ट्रस्टने? नसेल तर त्यांना शिबिराला पाठव.

वत्साताई


शहापूर,
१८ ऑगस्ट १९९७

ती. वत्साताई,

सगळं ठीक. काम झकास चाललं आहे. दुपारी बारा-साडेबाराला बाक चक्क रिकामा असतो. गणू त्यावर पाय पसरून बसतो, एकदा तर घोरत होता. गेल्या आठवड्यात ट्रस्टचे अध्यक्ष फिरत फिरत आले, बाकाकडे बघितलं, आत येऊन यंत्राकडे बघितलं आणि निघून गेले. त्यांना बरं वाटलं असेल.

इकडे पाऊस फार आहे. भातसा भरली म्हणतात. तुझ्याकडे घाटात दरड वगैरे?

शेखर


टोकावडे,
९ सप्टेंबर १९९७

शेखर,

पाऊसपाण्याची चौकशी तू कधी करत नाहीस. तेव्हाच मला शंका आली होती.

गणूची सासुरवाडी सरळगावची आहे हे तुला माहीत असेलच. त्याची मेव्हणी माझ्याकडे बाळंतपणासाठी नाव घालायला आली होती. तिच्याकडून कळलं की तुमचे अध्यक्ष दुपारी आले, बाक रिकामा दिसला आणि म्हणाले, इथे तर काही काम दिसत नाही. आता म्हणे यंत्र कल्याणच्या शाखेत हलवणार, आणि शहापूरला खोलीला कुलूप.

हे खरं आहे का? आणि खरं असेल तर मला दरडींबद्दल विचारण्याऐवजी हे का लिहिलं नाहीस? ठमीचा दुसरा फोटो अजून व्हायचा आहे. तिला कल्याणला पाठवू म्हणतोस? ती कल्याणला उतरली तर तिला रस्ता ओलांडता येणार नाही, मग पुढचं सगळं लांबच. ती जाणारच नाही. गोळ्या बंद करायच्या की सुया सुरू करायच्या ते मी काय तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवू?

वत्साताई


शहापूर,
२ ऑक्टोबर १९९७

ती. वत्साताई,

खरं आहे. लिहिलं नाही, कारण लिहिताना ते फार हास्यास्पद दिसत होतं. गर्दी होती तेव्हा ट्रस्ट म्हणत होता, गर्दी कमी करा. मी कमी केली. आता म्हणतो, गर्दी कुठे आहे?

मी अध्यक्षांना सांगितलं की पूर्वीपेक्षा जास्त माणसांचे फोटो निघतात, फक्त ती आता ताटकळत नाहीत. म्हणाले, शेखर, मी डोळ्यांनी पाहिलंय. नोंदी पुढे केल्या, तर म्हणाले आकडे काय कसेही लिहिता येतात. बाक खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत आहे.

नोव्हेंबरच्या सतरा तारखेला, सोमवारी दुपारी, ट्रस्टच्या मंडळाचे सगळे सभासद बघायला येणार आहेत. त्या दिवशी ठरेल. गणू म्हणतो, सोपं आहे, त्या दिवशी काम संथ करायचं. पडदा काढून टाकू, डॉक्टरांना उद्या बघा म्हणू, जिन्यापर्यंत रांग लागेल. त्याचं बरोबर आहे. एका सकाळचा प्रश्न आहे. पण ताई, तुमच्या त्या बायका पहाटे उठून, दोन गाड्या बदलून येणार आणि मी त्यांना मुद्दाम बसवून ठेवायचं. मी गणूला नाही म्हटलं. माझी नोकरी कल्याणला चालू राहील, मला काही होणार नाही. याचंच जास्त वाईट वाटतं.

ठमीला त्याच दिवशी सकाळी पाठव. कापणी उरकली नसेल तरी पाठव. त्यानंतर यंत्र इथे असेल की नाही हे मला सांगता येत नाही.

शेखर


शहापूर,
१९ नोव्हेंबर १९९७

ती. वत्साताई,

काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सोमवारी ठमी पहिल्या गाडीने आली. मी तिला ओळखलं नाही. गाल भरले आहेत. लखमा बरोबर होता. तिला पहिला नंबर दिला, बुडी मार, वर ये, फोटो उत्तम. डॉक्टरांना मुद्दाम लवकर बोलावून घेतलं होतं. त्यांनी फिल्म धरली, जुन्या फिल्मशेजारी धरली, आणि रिपोर्ट लिहून दिला. तिला म्हटलं, झालं गो बाय, आता तुला पुढची गाडी मिळेल, नीघ. ती बरं म्हणाली आणि जाऊन बाकावर बसली.

मला वाटलं, दम खात असेल. पण तिच्या शेजारी लखमा बसला. मग त्याच गाडीने आलेली आणखी माणसं बसली, त्यानंतरच्या गाडीने आलेली बसली, मग बाक भरला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. म्हाताऱ्या, बाप्ये, अंगावर पोरं घेतलेल्या बाया. त्यांच्यातलं कोणीच नंबर घेईना. गणू खिडकीत नंबर घेऊन बसलाय आणि घ्यायला कोणी नाही! मी बाहेर येऊन लखमाला विचारलं, यांना काय होतंय? तो म्हणाला, "काय नाय. तुमी तुमचा काम करा." मी म्हटलं, मग बसलेत कशाला? म्हणाला, "बसाया मनाई हाय का?" एवढं त्याला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

खरे पेशंट मधून वाट काढून येत होते, फोटो काढून जात होते. त्यांना कोणी अडवलं नाही, उलट पुढे सारलं. काम एकदाही थांबलं नाही.

दुपारी मंडळ आलं. अध्यक्षांना जिन्यावरून आडवं होऊन वर यावं लागलं. कोणीतरी त्यांच्या पायावर पाय दिला. ते माझ्यावर जोरात ओरडले की ही काय अवस्था आहे, माणसं किती वेळ ताटकळत ठेवली आहेत, शिबिराला कशासाठी पाठवलं होतं? मागे सगळी वाडी उभी होती. ठमी मला दिसत होती, तिने पदर तोंडात धरला होता.

काल लेखी आदेश आला. रुग्णांची संख्या पाहता यंत्र शहापूर येथेच ठेवावे. त्याच पाकिटात मला मेमो आहे, गर्दीच्या नियोजनात हलगर्जीपणा केल्याबद्दल.

दार लावून घेतलं आणि रडलो, ताई. गणूने विचारलं, मेमोचं एवढं काय मनाला लावून घेता? मी त्याला सांगितलं नाही.

आता खरं सांग. तू पाठवलंस ना त्यांना?

शेखर


टोकावडे,
२७ नोव्हेंबर १९९७

चि. शेखर,

आधी ठमीचं. मुरबाडच्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो खिडकीत धरून बराच वेळ बघितले. डाग गेला आहे, त्या जागी एक बारीक रेघ आहे, ती राहणार. गोळ्या बंद. सुया नाहीत. ती तिथेच तोंडावर पदर घेऊन रडली. मीही रडले, डॉक्टर बाहेर गेल्यावर.

आता तुझा प्रश्न. मी कोणालाही पाठवलं नाही. मला असलं सुचलंही नसतं. मी कागद लिहिले असते, अर्ज केले असते, आणि ते तुमच्या अध्यक्षांनी आकड्यांसारखे बाजूला सारले असते.

तुझं ऑक्टोबरचं पत्र आलं त्या दिवशी ठमी गोळ्या घ्यायला आली होती. मी तिला एवढंच सांगितलं की लवकर जाऊन फोटो काढून घे, ती खोली बंद होणार आहे. तिने विचारलं, का म्हणून? मी म्हटलं, तिथे आता गर्दी नसते, म्हणून. ती पाण्याचा पेला हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला कळलं नाही. तिला कळलं होतं. त्या सोमवारी कापलेलं भात शेतात पडलं होतं, उडवी रचायची राहिली होती. ते तसंच टाकून सगळी वाडी खाली उतरली. मी दारातून बघत होते, कोणी मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवशी पेला खाली ठेवून ती एवढंच म्हणाली होती, "गर्दी पायजेल व्हय? मंग आदी सांगाचा ना, ताय. आमच्याकं दुसरा काय नाय, पन गर्दी हाय."

वत्साताई